भुलेच्या कागदावरचे तीन शब्द

मुलुंड पूर्व
९ फेब्रुवारी २०२५

सिद्धेश,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. दोन महिने फोन बंद करून बसलेल्या माणसाला प्रिय कशाला म्हणायचं? शेवटी तुझ्या कुडाळच्या घरच्या लँडलाइनवर फोन लावला. माणिकमावशी म्हणाल्या, "तो बोलूक नको म्हणता गो. तू लिवन धाड, वाचता तो." म्हणून हा उद्योग. डॉक्टर झाल्यापासून प्रिस्क्रिप्शनहून लांब काही हाताने लिहिलेलं नाही. पण माझं अक्षर तुला लागतं, त्याची मला चिंता नाही.

इथे तुझ्या नावाने काय चाललंय ते कळवते. तुझ्या टेबलावर गेलेल्या शेवंती इंगळेच्या नवऱ्याने तक्रार केलीय आणि चौकशी समितीने २० मार्च ही तारीख दिलीय. तू आला नाहीस तर ते एकतर्फी निकाल देतील आणि तुझं रजिस्ट्रेशन जाईल. पुन्हा कुणाला भूल देता येणार नाही. पंधरा वर्षांत दुसरं काही शिकलायस का तू? आंब्याला फवारणी करणार आहेस?

सगळे म्हणतात, परब पळाला. ज्यांच्यासाठी तू गणपतीत गाव सोडून आलास ते सर्जनही म्हणतात. मी तुझी बाजू घ्यायला जाते आणि मलाच राग येतो, कारण मला खरंच कळत नाही तू काय केलंस ते. बेचाळीस वर्षांची धडधाकट बाई, पित्ताशयाचं साधं दुर्बिणीचं ऑपरेशन. भूल दिलीस, ब्लेडने जीभ उचललीस, श्वासाची नळी घालायला वाट दिसली नाही. ठीक आहे, होतं. पण दुसऱ्या प्रयत्नानंतर तिला उठवलं का नाहीस? चार वेळा कशाला गेलास आत? प्रत्येक वेळी गळा आणखी सुजतो हे तू पोरांना शिकवतोस ना? आणि मास्कने हवा जाईना झाल्यावर मानेतून छेद घ्यायला इतका वेळ का लावलास?

तुझ्या कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपची पेटी त्या दिवशी माझ्याकडे होती याचा कुणी बाऊ करू नये. पेटी तुझी असली तरी ज्याची केस अवघड त्याच्याकडे ती राहणार, हा नियम तूच केलेला, मी ती वापरो न वापरो. सोमवारी संध्याकाळी फोनवर तूच म्हणालास, माझी साधी आहे, तू ठेव. मी बरं म्हटलं. एवढंच.

तुझं ते कॅमेऱ्याचं लॅरिंगोस्कोप अजून माझ्याकडेच आहे. चार्जर तुझ्या बॅगेत गेलाय, त्यामुळे बॅटरी संपून ते नुसतं पडून आहे. ये आणि घेऊन जा. नाहीतर निदान कळव.

गंधाली

मुलुंड पूर्व
२३ फेब्रुवारी २०२५

सिद्धेश,

काल रतन इंगळे घरी आला होता. शेवंतीचा नवरा. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन गेल्या वर्षी भांडुपला श्यामकांत सरांच्या नर्सिंग होममध्ये झालं तेव्हा भूल मी दिली होती. तिथूनच त्याने माझा पत्ता काढला. दार उघडल्यावर मला वाटलं, हा ओरडणार. तो चपला काढून आत आला आणि सोफ्याच्या कडेवर बसला, मांडीवर निळा प्लास्टिकचा फोल्डर घेऊन.

दिंडोशीच्या कोर्टात शिपाई आहे. अकोल्याकडचा, पण वीस वर्षं नाहूरला. कोर्टात राहून राहून त्याला कागदाची शिस्त लागलीय. बायकोचा प्रत्येक कागद त्याने तारखेप्रमाणे लावून ठेवलाय. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा. मधे माझा भुलेचा कागद. त्यावर नळीच्या रकान्यापुढे माझ्या हातचे तीन इंग्रजी शब्द: ईझी, फर्स्ट अटेम्प्ट.

"मॅडम, मला एक समजावून सांगा," तो म्हणाला. "नळी म्हणजे नक्की काय करता?"

सांगितलं. भूल दिल्यावर माणूस स्वतः श्वास घेत नाही, म्हणून तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतो. घालायला आधी जीभ उचलावी लागते. साधं ब्लेड असतं, त्याला दिवा असतो, आपण वाकून आपल्या डोळ्याने बघतो. दुसरं कॅमेऱ्याचं असतं. त्याला टोकाशी कॅमेरा, त्यामुळे जिभेच्या मागच्या कोपऱ्यापलीकडचंही बाहेर स्क्रीनवर दिसतं. काही लोकांना आत वाट अशी वळलेली किंवा बुजलेली असते की साध्या ब्लेडने काही दिसतच नाही.

"मग शेवंतीची वाट बुजलेली होती?"

मी म्हटलं, मी त्या दिवशी तिथे नव्हते.

"पण तुमच्या टायमाला तर पहिल्या फटक्यात गेली नळी. वकील म्हणतात हाच मेन कागद आहे. बाई तीच, गळा तोच. तुम्हाला जमलं ते त्यांना का नाही जमलं, एवढंच विचारायचं समितीला. बाकी काही बोलायचीच गरज नाही."

मग त्याने आणखी एक सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू तिला तपासायला गेलास तेव्हा त्याने हा फोल्डर तुला दिला होता. तू पान न् पान बघितलंस. माझ्या कागदाशी आलास आणि हसलास. "ते डॉक्टर म्हणाले, हे तर आमच्या गंधालीचं अक्षर. मग काही टेन्शन नाही."

मी पाणी आणायला आत गेले.

जाताना म्हणाला, तीन डिसेंबर ही तारीख शेवंतीनेच मागून घेतली होती. म्हणजे पाचला घरी आणि सहाला सगळ्यांबरोबर चैत्यभूमीला, लांबून का होईना. दरवर्षी जायची. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्या हाताला गुण होता मॅडम. तुम्हीच असायला पाहिजे होता."

तू २० तारखेला ये. काहीही कर पण ये.

गंधाली

मुलुंड पूर्व
९ मार्च २०२५

सिद्धेश,

तुझं पार्सल मिळालं. कुडाळचा शिक्का बघून कात्री शोधायलाही थांबले नाही. फोडलं तर आत पेटीचा चार्जर. वायर नीट गुंडाळून रबर लावलेला. चिठ्ठी नाही, एक ओळ नाही. मी पाठीमागचा पुठ्ठासुद्धा उलटा करून बघितला.

हा काय प्रकार आहे? दोन पत्रांना उत्तर म्हणून चार्जर? माझ्यावर उपकार करतोयस की टोमणा मारतोयस? तुझं हे असलं शहाणपण मला एमडीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आपण काही बोलायचं नाही, समोरच्याने स्वतःच्या तोंडाने कबूल होईपर्यंत थांबायचं.

लावला मी तो चार्जर. आता रोज पेटी घेऊन जाते. साधा असो, अवघड असो, प्रत्येक पेशंटला कॅमेऱ्यानेच बघते. परवा श्यामकांत सर ग्लव्हज घालून उभे होते, म्हणाले, "काय गंधाली, तूसुद्धा टीव्ही बघायला लागलीस?" सिस्टर श्रुतिका खाली बघून हसली. टीव्ही हा शब्द माझाच आहे, आठवतं ना?

गेल्या वर्षी ११ फेब्रुवारी, रविवार, घाटकोपरचा हॉल. आपल्या भूलतज्ज्ञांच्या मंडळाची डिबेट: हात की कॅमेरा. तू कॅमेऱ्याच्या बाजूने, मी हाताच्या. तू आकडे आणले होतेस, तक्ते आणले होतेस, आणि मान वर करून बोलतही नव्हतास. मी उठले आणि म्हटलं, ज्यांना स्वयंपाक येत नाही ते पाककृतीचा टीव्ही लावून बसतात. हॉल हसला. मग म्हटलं, माझ्या चौदा वर्षांत एकही नळी अशी नाही जी या हाताने गेली नाही, आणि हात वर करून दाखवला. टाळ्या पडल्या. मोठ्या मताधिक्याने जिंकले मी. इडली खाताना सगळे तुला 'काय रे टीव्ही' म्हणत होते आणि तू आपला हसत होतास.

त्या दिवशी निघताना तू पेटी माझ्या गाडीत ठेवलीस. "राहू दे गं. उद्यापासून चार दिवस मी गावाला आहे." नंतर बघितलं तर झाकणावर चिकटपट्टी लावून पेनने लिहिलं होतंस, 'लाज वाटली तरी वापर. वापरल्यावर चार्ज कर.' मला एवढा संताप आला की पेटी सीटखाली ढकलली.

ती चिकटपट्टी अजून तशीच आहे. शाई थोडी फिकी झालीय.

त्यानंतरच्या बुधवारचं लिहायला बसले होते खरं तर. आज नको.

मलाही समितीचं पत्र आलंय. आधीची भूल माझी, म्हणून साक्षीला बोलावलंय.

गंधाली

मुलुंड पूर्व
२० मार्च २०२५

सिद्धेश,

आत्ता चार वाजलेत. तू बहुधा गाडीत असशील आणि हे पत्र तुझ्यामागून पोचेल.

किती वाळलायस तू. दाढी वाढवलीयस आणि शर्ट तोच, निळ्या चौकटीचा. मी तुझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती, तू जाऊन खिडकीपाशी बसलास.

त्यांनी तुला विचारलं, काय झालं? तू सांगितलंस, जिभेच्या मुळाशी मांस वाढलेलं होतं, बाहेरून तपासताना ते कळत नाही, ब्लेडने उचलल्यावर वाट पूर्ण झाकलेली दिसली. नळी गेली नाही. छेद घ्यायला मी उशीर केला, तो माझा दोष. असं म्हणालास, स्वच्छ. स्वतःची चूक मोजून मापून टेबलावर ठेवलीस, आणि मला मात्र मान खाली घालावी लागली.

मग अध्यक्षांनी तो प्रश्न विचारला. मला येणार हे माहीत होतं, तीन रात्री तोच उशाशी घेऊन झोपले होते. "डॉक्टर परब, इतकं मांस वाढलेलं होतं तर त्याच्या दहा महिने आधी डॉक्टर कर्णिकांना ते कसं दिसलं नाही?"

"ते त्यांना विचारा," तू म्हणालास.

त्यांनी विचारलं. माझा कागद माझ्यापुढे सरकवला. रतन मागच्या रांगेत फोल्डर घेऊन बसला होता आणि माझ्याकडे विश्वासाने बघत होता. आणि मी म्हटलं, "मला तेव्हा काही अडचण आली नाही. जे लिहिलंय ते बरोबर आहे."

तू टेबलाकडे बघत राहिलास.

का बोलला नाहीस? तुला माहीत आहे, सिद्धेश. तीन डिसेंबरला ब्लेड घालून आत बघितलंस त्याच क्षणी तुला कळलं असणार की या गळ्यात पहिल्या प्रयत्नात, सहज, कुणाचीही नळी गेलेली नाही. माझीसुद्धा नाही. तू उठून एवढंच म्हणाला असतास तरी पुरलं असतं. मी आरडाओरडा केला असता, नाकारलं असतं, मग मोडले असते. मोडायचं होतं मला. तू ते सुख दिलं नाहीस.

बाहेर जिन्यात तुला गाठलं. म्हटलं, काहीतरी बोल रे. तू बॅग खांद्यावर घेतलीस आणि म्हणालास, "पेटी चार्ज असते ना?"

एवढं विचारून गेलास. पुढची तारीख ८ एप्रिल, शेवटची. त्या दिवशी निकाल लिहिणार आहेत.

गंधाली

मुलुंड पूर्व
२९ मार्च २०२५

सिद्धेश,

आता सगळं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत.

१४ फेब्रुवारी २०२४, बुधवार, डिबेटनंतर तिसरा दिवस. भांडुपला पहिलीच केस शेवंती इंगळे. तोंड छान उघडत होतं, मान वळत होती, दात चांगले. शिकाऊ पोराला द्यावी अशी केस. भूल दिली, ब्लेड घातलं आणि समोर काहीच नाही. नुसता मांसाचा गोळा, जिभेच्या मुळाशी. मला वाटलं मीच नीट उचललं नाही. बाहेर काढलं, मास्कने हवा दिली, डोक्याखाली उशी घातली, परत गेले. पुन्हा तेच, आणि या वेळी थोडं रक्त. हवा जात होती म्हणून ती बाई जगली, माझ्या हातामुळे नाही.

श्यामकांत सर हात धुऊन उभे होते. घड्याळाकडे बघून म्हणाले, "काय गं, चौदा वर्षांत पहिल्यांदाच की काय?"

मी श्रुतिकाला गाडीची किल्ली दिली. सीटखालून तुझी पेटी आली. झाकणावरची ती चिकटपट्टी तिने वाचली, सरांनीही वाचली असेल. कॅमेरा घातला आणि स्क्रीनवर त्या गोळ्यामागे, बाजूला सरकलेली, एवढीशी वाट दिसली. नळी गेली. अकरा मिनिटं लागली सगळ्याला. ऑपरेशन उत्तम झालं.

नंतर कागद भरायला बसले. खरं काय लिहायचं ते मला पाठ होतं. दोन प्रयत्न फसले, तिसरा कॅमेऱ्याने, जिभेच्या मुळाशी वाढ. आणि वर एक पत्र पेशंटच्या हातात द्यायचं, पुढच्या भूल देणाऱ्यासाठी, की हिच्या गळ्याशी असं आहे, तयारीने या. आपण दोघं पोरांना हेच घोकवतो. वाट अवघड निघाली तर पेशंटला पत्राशिवाय घरी पाठवायचं नाही.

लिहिलं नाही. ते कागद आपल्या मंडळात फिरतात, केस चर्चेला येतात, कुणीतरी म्हणालं असतं, रविवारी हात वर करून दाखवणारी बाई बुधवारी टीव्ही लावून बसली. माझ्या डोळ्यासमोर तो हॉल होता. मी तीन शब्द लिहिले आणि सही केली. पेटी पुसून, चार्ज करून तुला परत दिली आणि म्हटलं, हात लावला नाही हं तुझ्या खेळण्याला.

डिस्चार्जच्या दिवशी रतन फोल्डर घेऊन आला होता. एकेक कागद मोजून आत घातला आणि मला विचारलं, "मॅडम, आणखी कुठला कागद राहिला का?" मी म्हटलं, नाही, सगळे दिले.

आता २ डिसेंबर, सोमवार. तुझा फोन संध्याकाळी साडेसहाला आला. मी पहिल्या पत्रात लिहिलं की तू म्हणालास, माझी साधी आहे. तू आणखी काय म्हणालास ते मी एकाही पत्रात लिहिलं नाही, जसं काही न लिहिल्याने ते बोललंच गेलं नव्हतं. तू म्हणालास, "अगं, तुझीच जुनी पेशंट निघाली. शेवंती इंगळे, नाहूरची. तुझा कागद बघितला. ईझी, फर्स्ट अटेम्प्ट. मग मी कशाला पेटी नेऊ, तुझा उद्याचा तो आखडलेल्या मानेवाला पेशंट आहे ना, तू ठेव."

मला नाव ऐकताच तो गोळा दिसला. विसरले होते असं तुला सांगू शकले असते, पण विसरले नव्हते. मी फोन कानाला धरून गप्प उभी होते आणि तू म्हणालास, "हॅलो? आहेस ना?"

एक वाक्य होतं, सिद्धेश. पेटी घेऊन जा, मी खोटं लिहिलंय. पण ते म्हटलं असतं तर तुला कळलं असतं की मी जिंकले ते खोटं होतं. आणि तू हसला असतास. रागावला नसतास, ओळखते मी तुला, तू नुसता हसला असतास आणि म्हणाला असतास, 'वेडी आहेस का गं.' त्या हसण्याची मला लाज वाटली. मनात म्हटलं, सिद्धेश आहे, त्याला जमेल, माझ्याहून त्याचा हात चांगला आहे. हो, हेही त्याच क्षणी मान्य केलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेसुद्धा माझ्या सोयीसाठी.

मी म्हटलं, "बरं. ठेवते."

दुसऱ्या दिवशी माझ्या मानेवाल्याचं ब्लड प्रेशर चढलं आणि केस रद्द झाली. मी नऊ वाजता घरी परतले. पेटी जेवणाच्या टेबलावर होती, पूर्ण चार्ज, हिरवा दिवा लागलेला. तिच्या शेजारी बसून मी पोहे खाल्ले. त्याच वेळी तू मुलुंडच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्यांदा आत जात होतास. रिक्षाने बारा मिनिटांचं अंतर आहे.

पहिल्या पत्रात तुला विचारलं होतं, चार वेळा का गेलास, उठवलं का नाहीस. आज मला कळतं. तू माझ्या कागदावर विश्वास ठेवून जात राहिलास. गंधालीची नळी सहज गेली म्हणजे वाट आहे, मीच चुकतोय, असं वाटलं असणार तुला. ज्याच्याकडे तो कागद नसता त्याने दोन प्रयत्नांत तिला उठवलं असतं.

मी तुझी माफी मागत नाही. माफी मागायची तर ती नाहूरला जाऊन मागावी लागेल आणि तिथे ती द्यायला शेवंती नाही.

८ तारखेला मी जाणार आहे. हे पत्र तोवर तुला मिळालं तर येऊ नकोस. तुझ्यासमोर मला ते बोलता येणार नाही.

गंधाली

मुलुंड पूर्व
१३ एप्रिल २०२५

सिद्धेश,

तू आला नाहीस, बरं केलंस.

मी लेखी दिलं. अध्यक्षांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना, डॉक्टर?" कळतोय म्हटलं. श्रुतिकाला त्यांनी लगेच साक्षीला बोलावून घेतलं, तिने पेटी गाडीतून आणल्याचं सांगितलं. श्यामकांत सरांना आठवत नाही. त्यांनी मला फोन करणं बंद केलंय आणि बाकीच्यांनीही. उशिरा छेद घेतल्याबद्दल तुला ताकीद मिळेल. रजिस्ट्रेशन राहील. माझ्यावर आता वेगळी नोटीस निघालीय आणि तिचं काय होणार हे तुला मला दोघांनाही ठाऊक आहे.

काल नाहूरला गेले. रतनच्या गल्लीत उद्याच्या जयंतीची तयारी चालली होती, शिडीवर चढून माणसं निळ्या पताका बांधत होती. रतन दारातच होता, हातात सुतळीचा गुंडा. त्याला समितीकडून कळलं होतं. आत या म्हणाला नाही. मी तिथेच उभी राहून त्याला पत्र दिलं. गेल्या वर्षी द्यायचं होतं ते. समितीने मागितलं नव्हतं, मीच लिहिलं.

त्याने ते पूर्ण वाचलं. मग घरात जाऊन फोल्डर आणला, दाराच्या चौकटीला टेकून पानं उलटली आणि अपेंडिक्सच्या डिस्चार्ज कार्डामागे, माझ्या त्या कागदाच्या पुढे, त्या ऑपरेशनच्या तारखेप्रमाणे लावलं.

"हे तेव्हा यात असतं तर त्या डॉक्टरांनी वाचलं असतं?"

"हो."

"मी दाखवलं असतं त्यांना," तो म्हणाला. "मी सगळे कागद दाखवले होते. एकपण लपवला नव्हता."

त्याने फोल्डर मिटला. तो म्हणाला, "तुमचा हात धरला होता मी त्या दिवशी, मॅडम." मग सुतळी उचलली आणि शिडीकडे गेला.

पेटी आज कुरिअरने पाठवतेय, पूर्ण चार्ज करून, चार्जरसकट. झाकणावरची चिकटपट्टी काढलेली नाही. तू परत काम सुरू कर. मुलुंडला नको वाटत असेल तर कुडाळला कर, तिथेही माणसांना गळे आहेत. मला उत्तर लिहू नकोस.

रतनला दिलेल्या पत्राची प्रत सोबत जोडलीय. पोरांना शिकवशील तेव्हा दाखव, नावासकट.

गंधाली

सोबत:

दिनांक १२ एप्रिल २०२५

यापुढे या रुग्णाला भूल देणाऱ्या डॉक्टरांस,

रुग्णाचं नाव: शेवंती रतन इंगळे, राहणार नाहूर.

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी मी यांना भूल दिली. बाहेरून तपासणीत काहीही अवघड आढळलं नाही. मात्र जिभेच्या मुळाशी मांस वाढलेलं असल्याने साध्या ब्लेडने श्वासनलिकेची वाट दिसत नाही. साध्या ब्लेडने माझे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या प्रयत्नात व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने नळी गेली. मास्कने हवा देता आली.

कृपया साध्या ब्लेडने प्रयत्न करू नये. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप चार्ज करून हाताशी असल्याशिवाय भूल सुरू करू नये. त्या दिवशीच्या माझ्या भुलेच्या कागदावरची नोंद खोटी आहे, तिच्यावर विसंबू नये.

रुग्णाने हे पत्र कायम स्वतःजवळ ठेवावं आणि प्रत्येक ऑपरेशनआधी डॉक्टरांना दाखवावं.

डॉ. गंधाली कर्णिक
भूलतज्ज्ञ